कुंभार्ली घाट आणि किल्ल्यांचा जुडगा

आमची गाडी 1983 सालची आहे हे मी आरंभीच सांगून टाकतो. म्हणजे पुढे जे घडले त्याचे वाचकांना फारसे आश्चर्य वाटणार नाही. कुर्ल्याच्या कारखान्यात जन्मलेली ही प्रीमियर पद्मिनी. मूळची इटलीची फियाट 1100. इथे आली ती ‘डिलाईट’ या नावाने आणि पुढे रजपूत राणीचे नाव धारण करून घरोघरची झाली. 1089 सीसीचे इंजिन, सुकाणूच्या दांड्यालाच लावलेला गिअर आणि समोर तीन माणसे बसतील असा अखंड बाक. मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी म्हणून हिनेच अर्धे शतक राज्य केले. ऑक्टोबर 2023 मध्ये त्या टॅक्सींतली शेवटची रस्त्यावरून निवृत्त झाली, तेव्हा वर्तमानपत्रांनी मृत्युलेख लिहावेत तसे लेख लिहिले. ते वाचून मी खाली गेलो आणि आमच्या गाडीच्या बॉनेटवरून हात फिरवून आलो. सौ. म्हणाली, “एवढं प्रेम माणसांवर केलं असतंत तर!” असो.

ही गाडी वडिलांनी नंबर लावून, काही वर्षे वाट पाहून घेतली होती आणि घेतली तीही एकाच कारणासाठी. गुहागरच्या अलीकडे आमचे वडिलोपार्जित घर आहे. पुण्याहून एस.टी.ने तिथे जायचे म्हणजे दोन ठिकाणी गाड्या बदलायच्या, आणि एकदा तर वडील दारापर्यंत पोचले तेव्हा त्यांच्या लक्षात आले, की घराच्या किल्ल्या पुण्याला खुंटीवरच राहिल्या आहेत! त्या रात्री ते ओटीवर झोपले. पुढे गाडी आली त्याच दिवशी त्यांनी घराचा सबंध जुडगा गाडीच्या किल्लीच्या कडीत अडकवून टाकला. “आता गाडी निघाली की किल्ल्या निघाल्याच,” असे म्हणून ते समाधानाने हसले होते. जुडग्यात अकरा किल्ल्या. बेड्याच्या कुलपाची, ओटीच्या दाराची, माजघराची, कोठीची, देवघरातल्या कपाटाची. बाकीच्या कशाच्या ते वडिलांनाही ठाऊक नव्हते. त्यांतली ओटीची किल्ली तर वीतभर लांब, पितळी, हाणामारीलाही उपयोगी पडावी अशी.

वडील गेले. गाडी माझ्याकडे आली, जुडगा गाडीकडेच राहिला. माझ्या गुडघ्याला तो प्रत्येक खड्ड्यात लागे. पण काढावा असे कधी मनात आले नाही.

गेल्या दिवाळीत आम्ही निघालो ते मात्र वेगळ्याच कामाला. घर आता चुलतभावाच्या मुलाला द्यायचे ठरले होते. तो मुंबईची नोकरी सोडून कायमचा गावी आला होता, आंब्याची चार झाडे आणि पाडाला आलेले घर सांभाळीन म्हणत होता. आमच्यापैकी कोणी वर्षातून दोन दिवसही तिथे राहत नव्हते. नाही म्हणायला तोंड कुठे होते? कागद दिवाळीनंतर व्हायचे होते, परंतु माझ्यापेक्षा दहा वर्षांनी मोठी असलेली अक्का म्हणाली, “वसुबारसेला एकदा मला तिथे दिवे लावू दे. मग काय ते करा.” त्या घरातली वीज कधीच तोडलेली. तेव्हा दिवे लावायचे तर अंधार पडायच्या आत पोचायला हवे. सौ. लेकीकडे गेली होती. म्हणून वसुबारसेच्या पहाटे पाचला मी आणि अक्का दोघेच पुण्याहून निघालो. तिच्या मांडीवर फराळाचा डबा आणि वाती करायला घेतलेला कापूस.

साताऱ्यापर्यंत गाडी मोठ्या शहाणपणाने चालली. उंब्रजला महामार्ग सोडून आम्ही पाटणच्या रस्त्याला लागलो. दोन्ही बाजूंना ऊस, मल्हारपेठेच्या पुढे डोंगर जवळ येऊ लागतात आणि डाव्या-उजव्या हाताला कोयनेचे पात्र दिसत राहते. ही नदी मोठी विलक्षण. महाबळेश्वरी जन्मते आणि बराच वेळ सरळ दक्षिणेला चालत राहते. हेळवाकला आल्यावर काय मनात येते कोण जाणे, काटकोनात पूर्वेकडे वळते आणि कऱ्हाडला कृष्णेला मिळते. तेही समोरासमोर येऊन, दोन बहिणी भेटाव्यात तशी. म्हणून त्या जागेला प्रीतिसंगम म्हणतात.

पाटण जवळ आले आणि गाडीने पहिला आचका दिला. क्षणभर इंजिन बंद, पुन्हा चालू. मी म्हटले, पेट्रोलमध्ये कचरा असेल. दुसरा आचका एका गतिरोधकावर बसला आणि त्यापाठोपाठ मागे ‘धडाम्’ असा बार झाला. रस्त्याकडेची कोंबडी पंख फडफडवीत कुंपणापलीकडे गेली. दोन पोरे आनंदाने ओरडली, “ए, ॲटमबाँब!” अक्का म्हणाली, “अरे, दिवाळी उद्यापरवा आहे.”

त्या बाराचे कारण मला नंतर कळले. गाडी वेगात असताना विजेचा पुरवठा तुटला, तरी चाके इंजिनाला फिरवीतच असतात. ते पेट्रोल ओढत राहते, पण ठिणगी नसल्याने ते न जळता तसेच सायलेन्सरमध्ये साचते. वीज परत आली की साचलेले सगळे एकदम पेटते. तेव्हा मला एवढेच कळत होते, की पाटणपासून पुढच्या दर खड्ड्याला आम्ही सलामी देत चाललो आहोत. वर वनकुसवड्याच्या पठारावरच्या पवनचक्क्या संथपणे फिरत होत्या आणि खाली भाताची खाचरे पिवळी झाली होती. एरवी मी गाडी थांबवून पाहत बसलो असतो. त्या दिवशी माझे सारे लक्ष गुडघ्यावर आपटणाऱ्या जुडग्याकडे आणि पुढच्या खड्ड्याकडे होते.

हेळवाकच्या नाक्यावर गाडी थांबली ती थांबलीच. किल्ली फिरवावी, स्टार्टर फिरे, इंजिन आनंदाने हुंकार देई. आणि किल्ली सोडली की लगेच गप्प! दहा वेळा हुंकार, दहा वेळा मौन. पावणेअकरा वाजले होते. समोर कुंभार्लीचा घाट, पलीकडे कोकण.

चहाच्या टपरीवाल्याने एका पोराला पिटाळले आणि थोड्या वेळाने एक मिस्त्री आले. पासष्टीच्या पुढचे, डोक्याला टोपी, खांद्यावर कातड्याची पिशवी. त्यांनी गाडीकडे पाहिले आणि त्यांचा चेहरा जुना मित्र भेटल्यासारखा झाला.

“फियाट! लई दिसांनी बगितली. काय म्हंती?”

मी लक्षणे सांगितली. एखादा असता तर कार्बुरेटर उघडून बसला असता. हे गृहस्थ बॉनेटकडे गेलेच नाहीत. ते दार उघडून खाली वाकले, डॅशबोर्डच्या मागे डोके घातले आणि पिशवीतून एक छोटा बल्ब काढला. बल्बच्या एका टोकाला चिमटा, दुसऱ्याला सुई. चिमटा त्यांनी गाडीच्या लोखंडाला लावला.

“आता बगा सायेब. किल्लीच्या मागं चार वायरी. ही ब्याटरीकडनं येती.” सुई टेकताच बल्ब लखलखीत पेटला. “हिच्यात करंट कायम. आता किल्ली फिरवा एक घर. ही दुसरी, कॉईलला जाती.”

बल्ब पेटला खरा, पण दमेकऱ्यासारखा. मिणमिणला, विझला, पुन्हा मिणमिणला.

“आता स्टार्टरला दाबा.” स्टार्टर फिरला आणि बल्ब स्वच्छ पेटला. किल्ली सोडली, पुन्हा मिणमिण.

मग त्यांनी एक गोष्ट केली, ती मी जन्मात विसरणार नाही. त्यांनी आमचा तो अकरा किल्ल्यांचा जुडगा तळहातावर अलगद उचलून धरला. बल्ब पूर्ण पेटला. हात काढला. बल्ब विझला. पुन्हा उचलला. पेटला.

“ह्यो तुमचा रोग,” ते म्हणाले. “आत पितळंची पट्टी असती, तिच्यावर ह्यो स्विच घासत फिरतो. चाळीस वरीस त्येच्या मानंला ह्ये वझं टांगलंय. गाडी चालती तवा किल्ली एकाच घरात असती, आन् वझं हिंदकळतंय त्येच जाग्याला. तेवढीच जागा झिजली. स्टार्टरचं घर कवा तरी लागतं, म्हनून त्ये शाबूत. काढा ह्यो जुडगा आदी!”

मी अक्काकडे पाहिले. ती काही बोलली नाही. मिस्त्रींनी कडी पिळून गाडीची किल्ली तेवढी सोडवली आणि जुडगा तिच्याकडे दिला. अक्काने तो निऱ्यांजवळ कमरेला खोचला. आमची आई नेमका तिथेच खोचीत असे.

नवा स्विच हेळवाकला मिळण्यासारखा नव्हता, तो चिपळूणला. जुडगा काढल्यावर तसेच जाता येणार नाही काय, असे मी विचारले. मिस्त्रींनी मान हलवली. “सपाटीवर म्हटलं असतं जावा. घाटात असला जुगार न्हाई.” त्यांनी एक जाड वायर घेतली, बॅटरीचे टोक आणि कॉईलचे टोक परस्पर जोडून दिले आणि तिचा एक चिमटा माझ्या हाताला येईल असा खाली सोडला. “गाडी बंद करायची तर ह्यो चिमटा वढायचा. आन् इंजान बंद असताना ह्यो लावून ठिवायचा न्हाई. कॉईल तापून जळंल.” नंतर नवा स्विच मी स्वतः कसा बसवायचा तेही त्यांनी शिकवले. चाळीस वर्षांत सगळ्या वायरींचा रंग एकच, मातकट झाला होता. तेव्हा अक्काच्या कापसाचा दोरा वळून त्यांनी खुणा केल्या: बॅटरीच्या वायरीला एक गाठ, कॉईलच्या वायरीला दोन, स्टार्टरच्या वायरीला तीन, बिनगाठीची उरली ती वायपर वगैरे किरकोळ कामांची.

हे चालू असता मी त्यांना विचारले, मूळचे इथलेच काय? तेव्हा ते सांगू लागले. वडील कोयना धरणाच्या वर्कशॉपात होते. सगळी यंत्रविद्या त्यांच्याकडची. 11 डिसेंबर 1967 च्या पहाटे भूकंप झाला, तेव्हा हे नऊ वर्षांचे होते. त्या धक्क्याने या भागात सुमारे 180 माणसे गेली, कोयनानगरातली बहुतेक घरे पडली. धरण मात्र उभे राहिले. “आमचं दार आतनं कडी लावल्यालं. भिताड कललं तशी चौकट पिळली आन् कडी काय निघंना. आमच्या बानं कुऱ्हाडीनं दार फोडलं, आमी भाईर आलो, आन् मागं घर बसलं. तवापास्नं आमच्यात रातच्याला कडी लावत न्हाईत. आजबी न्हाई.” एवढे सांगून ते पुन्हा वायरीला पट्टी गुंडाळू लागले.

पैसे विचारले तर “द्या काय ते” म्हणाले. मी दिले; अक्काने वर डब्यातले लाडू दिले. त्यांनी त्यांतला एक तिथेच खाल्ला आणि म्हणाले, “आक्का, तूप घरचं दिसतंय.” एवढ्या प्रवासात अक्का प्रथमच हसली.

घाटाचे वर्णन काय करू? माथ्यावर आलात की देश एकाएकी संपतो. मागे पिवळे गवत आणि ओसरत आलेली सोनकीची फुले. पुढे पायांखाली निळसर धुक्यात कोकण, आणि त्यात शिरत जाणारा नागमोडी रस्ता. या डोंगराच्या पोटात काय आहे हे ठाऊक नसलेला प्रवासी नुसती झाडी पाहून जाईल. पूर्वेकडे जाणाऱ्या कोयनेचे पाणी धरणात अडवून बोगद्याने सह्याद्रीखालून पश्चिमेला नेले आहे. ते खोल उतरून पोफळीच्या भूमिगत वीजगृहातली चक्रे फिरवते आणि मग वाशिष्ठीच्या खोऱ्यात येते. बंगालच्या उपसागराला जायचे पाणी अरबी समुद्राला जाते! त्या प्रचंड विजेच्या डोंगरावरून आम्ही एका वायरीच्या चिमट्यावर जीव ठेवून दुसऱ्या गिअरात उतरत होतो. ब्रेक तापू नयेत म्हणून गिअरने गाडी धरायची आणि ब्रेक वळणापुरता, हा वडिलांनी शिकवलेला नियम. एकही आचका नाही, एकही बार नाही. पोफळी गेली, शिरगाव गेले आणि हवा दमट झाली. अक्काने काच खाली केली आणि म्हणाली, “आलं.”

चिपळूणला बहादूरशेख नाक्याजवळ सुट्या भागांचे एक दुकान सापडले. मालकांनी आधी ‘ह्या गाडीचं आता कुठलं’ म्हणून हात झटकले. मग काय वाटले कोण जाणे, शिडी लावून अगदी छताजवळच्या फळीवरून एक खोके काढले. भिंतीवर माणसाच्या डोक्यापेक्षा उंच एक मातकट रेघ होती. माझी नजर पाहून ते म्हणाले, “22 जुलै 2021. ह्या रेघेखालचं सगळं वाशिष्ठीनं नेलं. जुन्या गाड्यांचा माल कोण विचारतो, म्हणून वर टाकलेला होता, तेवढा वाचला.” खोक्यात कागदात गुंडाळलेला स्विच निघाला, नव्या दोन किल्ल्यांसह.

तो मी दुकानाबाहेरच्या सावलीत बसवला. आयुष्यात पहिल्यांदाच! आधी बॅटरीची ऋण बाजूची वायर सोडायची. नाहीतर कायम करंट असलेली ती वायर कुठे टेकली तर ठिणग्या उडतात. मग पुढून चकतीचे नट फिरवून काढायचे, स्विच मागे ढकलून खाली घ्यायचा आणि एकेक वायर जुन्यावरून काढून लगेच नव्यावर लावायची. एकदम सगळ्या काढायच्या नाहीत. एक गाठ, दोन गाठी, तीन गाठी. अक्का बॅटरी धरून होती. म्हणजे उजेडाची, हातातली. नट एकदा सुटून बाकाखाली गेले ते तिनेच शोधले. चाळीस मिनिटांनी मी घाम पुसला, ऐटीत नवी किल्ली फिरवली आणि काहीच झाले नाही. दिवाही लागला नाही. माझे धाबे दणाणले. दुकानाचे मालक आतूनच म्हणाले, “बॅटरीची वायर लावलीत का हो परत?”

लावली. डॅशबोर्डवरचा तांबडा दिवा लागला, स्टार्टर फिरला, किल्ली सोडली. इंजिन चालूच राहिले. मी मुद्दाम तीनदा बंद करून तीनदा चालू केले. वडिलांची जुनी किल्ली आता फक्त दारे उघडण्यापुरती उरली. तीही जपून ठेवली.

शृंगारतळी मागे टाकून आम्ही घराच्या पाणंदीला लागलो तेव्हा सूर्य टेकला होता, पण उजेड होता. अक्का कमरेचा जुडगा काढून हातात घेऊन बसली होती. बेडे उघडेच होते. अंगण शेणाने सारवलेले, तुळशीपुढे रांगोळीची रेघ. पुतण्या ओटीवरून धावत आला. मी म्हटले, “थांब, आधी दार उघडतो. किल्ली अक्काकडे आहे.”

तो गोंधळला. “दार उघडंच आहे, काका. ओटीचं कुलूप दोन वर्षांपूर्वी गंजून धरलं होतं, तेव्हाच तोडलं ना. माजघराचंही. मी अक्काआत्याला फोनवर विचारूनच तोडलं होतं.”

मी अक्काकडे वळलो. ती पायरीवर बसून वाती वळीत होती.

“तुला ठाऊक होतं?”

“होतं.”

“मग मला सांगितलं का नाहीस? दोन वर्षं हे ओझं मी त्या किल्लीला टांगून फिरतोय! घाटात गाडी बंद पडली असती म्हणजे?”

तिने वात तुपात बुडवली. “सांगितलं असतं तर तू जुडगा काढून टाकला असतास. बाबांनी स्वतःच्या हातांनी अडकवलेला होता रे तो.” थोड्या वेळाने म्हणाली, “त्या मिस्त्रीनं काढला, ते बरं झालं. मला काढवला नसता.”

त्यावर मी काय बोलणार? गोठ्यात पुतण्याने एक गाय आणली होती, बरोबर वासरू. अक्काने त्यांना ओवाळले. मग ओटीवर, कोनाड्यात, विहिरीच्या कठड्यावर, तुळशीपाशी दिवे लावले. किती लावले ते मोजले नाहीत. विजेवाचून ते घर मी लहानपणी पाहिले होते, त्यानंतर त्या रात्री. झोपायला जाताना मी सवयीने ओटीच्या दाराची कडी लावायला गेलो आणि हेळवाकच्या मिस्त्रींची आठवण झाली. कडी लावली नाही.

दुसऱ्या दिवशी निघताना अक्काने जुडगा पुतण्याच्या हातात दिला. “ह्यातली एकही कशाला लागत नाही,” ती म्हणाली, “पण घराच्या आहेत. इथेच राहू देत.” त्याने तो देवघराच्या खुंटीला अडकवला. कागदांवर सह्या पुढच्या महिन्यात झाल्या. परंतु माझ्या मते घर त्याच दिवशी दिले गेले.

वाचकहो, आपल्याकडे जुनी मोटार असेल तर एवढे लक्षात ठेवावे. खड्ड्यात इंजिन आचके देऊ लागले, स्टार्टर सोडताच बंद पडू लागले, तर कार्बुरेटर उघडण्याआधी किल्ली बोटाने जरा उचलून पाहावी. आणि गाडीच्या किल्लीला गाडीचीच किल्ली असू द्यावी. माझ्या गाडीला आता एकच किल्ली लटकते. घाटात उतरताना गुडघ्याला काही लागत नाही, आणि हात मात्र दर वळणावर तिथे जाऊन चाचपून येतो.